शस्त्राला विस्तव दाखवत नाहीत

रक्त नेणारी जीप दुसऱ्यांदा गावात आली, तेव्हा गाव आधीच तापलेलं होतं.

पहिल्या वेळी लोकांनी निमूट हात पुढं केले होते. साऱ्या देशात किती माणसांना ‘कावीळ सी’ आहे ते सरकारला मोजायचं होतं. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून गावं काढली आणि उमरग्याच्या खाली, कर्नाटकच्या शिवेला टेकलेलं आमचं गाव त्यात निघालं. आमच्या नशिबात कधी तलाव निघाला नाही, कॉलेज निघालं नाही. निघालं ते हे. घराघरातली माणसं शाळेत येऊन बसली, बाटल्या भरल्या, बिस्किटाचे पुडे मिळाले, संपलं. आता तीच जीप परत आली आणि ठरावीक माणसांचीच नावं पुकारायला लागली, तेव्हा लोकांनी एकच अर्थ काढला. हे लोक आपलं रक्त विकतात आणि ज्याचं चांगलं निघालं त्याला परत पिळायला आलेत. डोकं चालवायचं म्हटलं की आमचं गाव नेहमी असंच चालवतं.

शाळेच्या व्हरांड्यात तारामती डॉक्टर खुर्चीवर बसल्या होत्या. पन्नाशीची बाई, आवाज करडा, हात मात्र हलका. समोरच्या बाकावर वीरभद्राचा पुजारी रेवणप्पा पुरवंत याचा धाकटा पोरगा शिवानंद बाही वर सारून बसला होता. त्याच्या मागं भिंतीला टेकून त्याची विधवा भावजय श्रीदेवी उभी होती. तिच्या रक्तात पहिल्या वेळी काही सापडलं नव्हतं, म्हणून तिचं नाव पुकारलं नव्हतं. ती दिराच्या सोबतीला आली होती.

सुई काढून डॉक्टरांनी कापूस दाबला आणि शिवानंदच्या तोंडाकडं पाहत राहिल्या. मग बाकावर बसलेल्या बाकीच्या माणसांकडं पाहिलं. सगळ्यांच्या डाव्या गालावर हरभऱ्याएवढी गाठ होती.

“गालाला काय झालंय तुमच्या सगळ्यांच्या?”

माणसं हसली. इतका वेळ घाबरून बसलेली, पण या प्रश्नावर ताठ झाली.

“शस्त्र घेतलंय बाई,” शिवानंद म्हणाला. “लग्नाच्या आदल्या दिशी वीरभद्राची मिरवणूक निघती आमच्यात, गुगूळ म्हनतात तिला. आप्पा मंतर म्हनतात आन् शस्त्र गालातून आरपार घालतात. आधी पुढं नाचनाऱ्या पुरवंताला म्हंजी मला, मंग नवरदेवाला, मंग त्येच्या भावकीला.”

“शस्त्र म्हणजे?”

“वीतभर सळई. चांदीच्या मुठीची. आमच्या घरात पंजोबापासून हाय.”

“एकच? सगळ्यांना तीच?”

“एकच तर. तीच भावकी बांधती की.”

“उकळता? स्पिरिट लावता?”

याचं उत्तर व्हरांड्याच्या पायरीवरून आलं. रेवणप्पा तिथं काठी टेकून बसला होता. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, डोक्याला भगवा फेटा. “देवाच्या शस्त्राला इस्तव दावत न्हाईत, पानी लावत न्हाईत. भस्मानं पुसतो आमी. आन् रगत येत न्हाय बाई आमच्या शस्त्रानं. ज्येच्या मनात पाप, त्येलाच रगत येतं.”

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली आणि शिवानंदला समजेल अशा बेतानं बोलायला लागल्या. “देशात हजार माणसांमागं तीन-चार जणांत हे सापडतं. तुमच्या गावात वीस माणसांत एक निघाला. तपासणाऱ्यांना वाटलं बाटल्यांची अदलाबदल झाली, म्हणून ज्यांच्यात निघाला त्यांना परत तपासायला मला पाठवलं. या गाठी पाहून मला वाटतं बाटल्या बरोबर होत्या. हा आजार रक्तातून रक्तात जातो. डोळ्यांना दिसणारही नाही एवढं रक्त पुरतं. वर्षानुवर्षं माणूस धडधाकट फिरतो आणि आत यकृत कुजत जातं. मग पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते.”

श्रीदेवीची पाठ भिंतीपासून सुटली. “बाई, माझ्या मालकाला आसंच झालं.”

“दारू प्यायचे?”

“कधी शिवले न्हाईत.”

“गालाला गाठ होती?”

श्रीदेवीनं मान हलवली आणि सासऱ्याकडं पाहिलं. रेवणप्पा काठीच्या टोकानं फरशीवरची माती उकरत होता.

एवढ्यात सिद्धेश्वर आला. उमरग्याच्या मोंढ्यात त्याची आडत, गावात बारा एकर बागायत, आणि आठवड्यावर पोराचं लग्न. मागं पंधरा-वीस माणसं. त्याच्या भावकीतल्या दोघांची नावं पुकारली गेली होती आणि तेवढ्यानं त्याचं पित्त खवळलं होतं.

“बाई, आमच्या देवाला रोगी म्हनायलाव का तुमी?”

“देवाला नाही. सळईला म्हणतेय.”

“ती सळई न्हाय!” सिद्धेश्वरनं टेबलाला लाथ घातली. बाटल्यांचं खोकं उपडं झालं, काचा फुटल्या, आणि ज्या रक्ताचा हिशेब देशाला हवा होता ते शाळेच्या फरशीवर पसरलं. ड्रायव्हर मध्ये पडला. त्याला चौघांनी धरून जीपवर आपटलं. कुणीतरी दगड घातला तो काचेतून आत गेला, दुसरा त्याच्या कपाळावर बसला. त्याच्या डोळ्यात रक्त उतरलं तरी तो गाडी सुरू करायची धडपड करत होता.

डॉक्टर पळाल्या नाहीत. जीपमध्ये चढता चढता त्यांनी शिवानंदचा दंड धरला. “गोळ्या आहेत. सरकारी दवाखान्यात फुकट. तीन महिने घ्या, बहुतेक माणसं पुरी बरी होतात. पण पहिल्या तपासणीत तुमच्या रक्तात आजार जिवंत निघालाय. तुमच्या गालातून निघालेली सळई दुसऱ्याच्या गालात जाऊ देऊ नका. कळलं?”

“कळलं,” असं शिवानंद म्हणाला, पण ते जीपच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. श्रीदेवीनं मात्र त्याचे ओठ हलताना पाहिले.

घरी आल्या आल्या रेवणप्पानं खुंटीवरचा आसूड काढला. वादीनं नाही, दांड्यानं मारलं. सव्वीस वर्षांचा तगडा गडी, बैलाला शिंगाला धरून थांबवणारा, बापापुढं उकिडवा बसला आणि पाठ दिली. दांडा खांद्याच्या हाडावर बसला की लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज व्हायचा.

“भाईर सांगतूस? देवाचं बाईमानसाला सांगतूस? दवाखान्याच्या?”

“आप्पा, तिनं इचारलं म्हून...”

“इचारलं म्हून!”

चुलीपाशी प्रेमाबाई, रेवणप्पाची बायको, भाकरी थापत होती. ती उठली नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं उलटली नाही. मध्ये पडली ती श्रीदेवी. एक तडाखा तिच्या मनगटावर बसला आणि काचेच्या बांगड्या नसलेल्या त्या हातावर लगेच वळ उठला.

“मारा,” ती म्हणाली. “मला बी मारा. पर मामा, तुमाला समदं कळलंय. थोरल्याला कशानं झालं ते तुमाला आज कळलंय.”

रेवणप्पाचा हात तसाच वर राहिला. मग त्यानं आसूड कोपऱ्यात भिरकावला आणि देवळीतल्या लाल फडक्यातलं शस्त्र काढून मांडीवर घेऊन बसला.

थोरल्याचं असं झालं होतं. गौरीशंकर हा रेवणप्पाचा थोरला, श्रीदेवीचा नवरा. बारा वर्षांचा होता तेव्हापासून बाप त्याला गुगुळात पुढं नाचवायचा आणि गालातून सळई घालायचा. छत्तिसाव्या वर्षी त्याचं पोट घागरीएवढं झालं, पाय सुजले, डोळे हळदीसारखे झाले आणि एका दुपारी गोठ्यात त्यानं पाटीभर रक्त ओकलं. श्रीदेवीनं ते रक्त दोन्ही हातांनी मातीत कालवून उकिरड्यावर नेऊन टाकलं. पुरवंताच्या पोराला असा रोग होतो म्हणजे पुरवंतावर वीरभद्र कोपला, असं गाव म्हणणार; आणि कोपलेल्या पुरवंताला गुगुळाचा विडा, म्हणजे आवतण, कोण देणार? म्हणून तिरडी उचलायच्या आधीच रेवणप्पानं चारचौघांत सांगून टाकलं, “पीत व्हता. चोरून पीत व्हता.” पोराला जाळावं की पुरावं यावरसुद्धा आमच्यात माणसं विचार करून बोलतात, यानं पोराची अब्रू एका श्वासात पुरून टाकली. तेव्हापासून श्रीदेवी दारुड्याची बायको झाली. पदरात मूल नाही, माहेरी कुणी नाही. ती सासरीच राहिली आणि गड्यासारखी राबली.

वैशाखाचं ऊन होतं. पेरणीआधी शेणखत रानात पडायला हवं होतं. श्रीदेवी उकिरड्यात उतरून खोऱ्यानं खत ओढायची, पाट्या भरायची, शिवानंद त्या गाडीत रिकाम्या करायचा. खत आतून गरम होतं, वाफ निघत होती, पायाला हुमणीच्या अळ्या लागत होत्या. शिवानंदला पाटी खांद्यावर घेता येईना. मार बसलेला खांदा वर जात नव्हता, म्हणून तो पाट्या पोटाशी धरून नेत होता.

“वैनी,” तो म्हणाला, “आगूदर म्या दवाखान्यात जातो. गोळ्या चालू करतो.”

“आन् गुगूळ?”

“त्येच तर.” तो गाडीच्या चाकाला टेकला. “कृष्णराज माझ्यासंगं शाळेत व्हता. दोन वर्गं मागं. त्येच्या गालात म्या माझा रोग कसा घालू?”

सिद्धेश्वरच्या पोराचं नाव कृष्णराज. त्याचंच लग्न होतं.

ते बोलत होते तोवर बांधावर बुलेट थांबली. सिद्धेश्वर उतरला. हातात पितळी ताटली, तीत नारळ, पान, सुपारी. गुगुळाचा विडा द्यायला तो स्वतः आला होता. शाळेत एवढा तमाशा केल्यावर त्याला गावाला दाखवायचं होतं की देवही जागचा हलला नाही आणि आपणही नाही.

“घे,” तो शिवानंदला म्हणाला. “हात धू आन् घे. गुरुवारी दुपारी.”

शिवानंदनं हात धोतराला पुसले पण पुढं केले नाहीत. “अन्ना, म्या माझ्या गालात घेतो शस्त्र. पर कृष्णराजला नवी सळई लावू. कोरी. उकळून.”

“कोरी?”

“माझं रगत खराब निघालंय, अन्ना.”

“म्हंजी माझ्या पोराच्या गालात देवाचं शस्त्र जायाचं न्हाय. बाजारातली सळई जायाची.” सिद्धेश्वर हळू बोलत होता, आणि तो हळू बोलायला लागला की माणसं दोन पावलं मागं सरतात. “माझ्या आज्यानं त्येच शस्त्र घेतलं. बापानं घेतलं. म्या घेतलं. आन् माझं पोरगं दुकानातली सुई घेनार. का म्हून? तर दारुड्याच्या भावाला दवाखान्याच्या बाईनं शिकवलंय म्हून.”

“आमचे मालक दारू पीत न्हवते,” श्रीदेवी उकिरड्यातून म्हणाली.

“तू गप, उकिरड्यातली.”

शिवानंद पुढं झाला. सिद्धेश्वरनं ताटलीच त्याच्या तोंडावर मारली. पितळेची कड भुवईवर बसली. तो खाली बसला तशी छातीत लाथ बसली आणि तो पाठीवर शेणखतात पडला. नारळ गडगडत गाडीखाली गेला. पानं खतात पडली.

“गुरुवारी आला न्हाईत तर ह्या घराला गावात कुनी इस्तव देनार न्हाय. मड्याला खांदा देनार न्हाय. ध्यानात ठिवा.”

तेवढ्यात रेवणप्पा काठी टेकत बांधावरून आला. त्यानं सगळं पाहिलं होतं. पोराकडं पाहिलं नाही. वाकला, खतातली पानं एकेक करून उचलली, धोतराच्या सोग्याला पुसली, गाडीखाली हात घालून नारळ काढला आणि दोन्ही हातांनी कपाळाला लावला.

“विडा घेतला म्या,” तो म्हणाला. “येतो आमी.”

सिद्धेश्वरनं बुलेटला लाथ मारली आणि गेला. म्हातारा ती शेण लागलेली विड्याची पानं हातात धरून उभा होता. मला विचाराल तर त्या क्षणी त्याच्याइतका लाचार माणूस अख्ख्या उमरगा तालुक्यात नसेल.

घरी शिवानंदनं अट घातली. आपल्या गालात जुनं शस्त्र घेईन, नाचेन, देवाचं काही मोडणार नाही. पण कृष्णराजसाठी नवी सळई. आप्पांनी भस्मावर हात ठेवून शब्द द्यायचा. रेवणप्पानं भस्माच्या गोळ्यावर तळवा ठेवला आणि “बरं” म्हणाला. काय बरं, ते बोलला नाही.

श्रीदेवीनं उमरग्याच्या सोनाराकडून वीतभर चांदीची सळई घडवून आणली. त्यासाठी तिनं कानातलं मोडलं. घरात शस्त्राला विस्तव दाखवायचा म्हणजे पाप, म्हणून तिनं प्रेमाबाई दळणाला गेलेली पाहून पाण्यात सळई टाकून पातेलं चुलीवर ठेवलं. पाणी खळखळायला लागलं आणि दारात सासू उभी. प्रेमाबाई आत आली, चुलीपुढं बसली आणि एक लाकूड पुढं सारलं.

“चांगलं उकळू दी,” एवढंच म्हणाली. “गौरीच्या येळला आसं कुनी सांगितलं न्हाय.”

गुरुवारी दुपारी मारुतीच्या पारापासून गुगूळ निघाला. ऊन असं की पारावरचा दगड पायाला चटके देत होता. पुढं हलगीवाले, मागं डोक्यावर गुगुळाची मडकी घेतलेल्या सवाष्णी. मडक्यांत निखारे, निखाऱ्यांवर ऊद आणि कापूर, धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. मध्ये शिवानंद. लाल झगा, छातीवर पितळेचा वीरभद्राचा मुखवटा, पायांत घागऱ्या, हातात तलवार. भुवईवर खपली धरलेली. त्याच्या मागं कृष्णराज, पांढरा सदरा, मुंडावळ्या, हळदीनं पिवळा झालेला, नाकासमोर बघत चालणारा सरळ पोरगा. बापानं त्याचा दंड धरलेला.

चौकात मिरवणूक थांबली. रेवणप्पानं खड्या आवाजात वीरभद्राच्या जन्माची कथा कन्नडात म्हणायला सुरुवात केली. दक्षाच्या यज्ञात घुसलेला, डोकी उडवणारा, दात पाडणारा वीरभद्र. प्रत्येक कडव्याला लोक ओरडत होते, “आहाहा रुद्रा! आहाहा वीरा!” शिवानंद नाचत होता. तलवारीचं पातं स्वतःच्या छातीवर आपटत होता. घामानं झगा पाठीला चिकटला होता आणि मार बसलेला खांदा एका बाजूला झुकत होता.

रेवणप्पानं लाल फडकं सोडलं. भस्मात बुडवलेलं बोट शिवानंदच्या गालाच्या आत घातलं, कातडी ताणली आणि एका दमात सळई आरपार घातली. कातडं फाटल्याचा बारीक आवाज पुढच्या रांगेत ऐकू आला. शिवानंदचे डोळे पांढरे झाले. सळई गालात घेऊन तो तीन वेळा गोल फिरला. लोकांनी भंडारा उधळला.

श्रीदेवी बायकांच्या घोळक्यातून पुढं आली. नवी सळई तिनं कोऱ्या फडक्यात गुंडाळून कमरेला खोचली होती. ती काढून तिनं सासऱ्यापुढं धरली.

“मामा. ही.”

रेवणप्पानं तिच्याकडं पाहिलं. सिद्धेश्वरकडं पाहिलं. चौक माणसांनी भरलेला होता, गच्च्यांवर माणसं होती, नवरीकडचे लोक होते. त्यानं शिवानंदच्या गालातली सळई ओढली, भस्माच्या चिमटीत धरून एकदा पुसली आणि कृष्णराजकडं वळला.

“आप्पा!” शिवानंदनं बापाचं मनगट धरलं. “शबूद दिलाव तुमी.”

“सोड.”

“न्हाय सोडत. कृष्णा, घेऊ नगंस! माझ्यात रोग हाय. माझ्या रगतात...”

पुढचं त्याला बोलू दिलं नाही. सिद्धेश्वरचे भाऊबंद तुटून पडले. तलवार कुणी हिसकावली, कुणी मुखवट्याची वादी धरून त्याला मागं ओढलं. वादी तुटली, मुखवटा धुळीत पडला. त्याला खाली पाडून लाथांनी तुडवायला लागले. घागऱ्या बांधलेले त्याचे पाय झाडत होते, घागऱ्या वाजत होत्या आणि हलगीवाल्यांना काही कळेना, ते वाजवतच होते. एकानं त्याच्या तोंडावर टाच मारली. नुकत्याच भोक पडलेल्या गालाला ती बसली आणि गाल ओठापर्यंत फाटला. आमच्या शस्त्रानं रक्त येत नाही म्हणणाऱ्यांनी ते रक्त बघावं. मातीचा चिखल झाला.

या धांदलीत सळई रेवणप्पाच्या हातून गळली. सिद्धेश्वरनं ती उचलली.

“पुरवंताची गरज न्हाय मला,” तो ओरडला. “माझ्या पोराला म्या देतो.” त्यानं कृष्णराजची मान बगलेत दाबली आणि सळईचं टोक गालावर टेकवलं.

श्रीदेवीनं उडी घेतली. बोलणं नाही, ओरडणं नाही. हाताचा पंजा मध्ये घातला. सिद्धेश्वरनं जोर लावलाच होता. सळई तिच्या अंगठ्याच्या मुळातल्या मांसातून घुसली आणि मागच्या बाजूनं बोटभर बाहेर आली. ती गुडघ्यावर बसली. दुसऱ्या हातानं तिनं तो हात पोटाशी ओढून धरला, सळईसकट, म्हणजे कुणाला ती परत काढून घेता येऊ नये.

हलगी थांबली.

रेवणप्पा तिच्याकडं पाहत होता. तिच्या कोपरावरून रक्त ठिबकत होतं. त्याच्या पलीकडं धाकटा तोंड धरून कण्हत पडला होता. म्हाताऱ्याच्या हातातली भस्माची थैली खाली पडली.

“सुनबाई,” तो म्हणाला. “तुझ्यात बी गेलं का ते.”

मग तो खालीच बसला. मातीवर. आणि त्याचा मंत्र म्हणायचा खडा आवाज, जो चार गल्ल्यांना ऐकू जायचा, त्याच आवाजात बोलायला लागला.

“माझ्या थोरल्याला म्या मारलं. ऐका रं. ह्या हातानं मारलं. बारीक व्हतं लेकरू. आधी त्येच्या चुलत्याला टोचलं, चुलता पिवळा पडून मेला ते समद्यांला ठावं हाय. तीच सळई काढून माझ्या गौरीच्या गालात घातली. रगत आलं म्हून त्येला थोबाडीत दिली, पापी म्हनलं. परत्येक गुगुळाला टोचलं. त्यो कधी न्हाय म्हनला न्हाय. दारू? माझ्या पोरानं दारूचा थेंब चाखला न्हाय. म्या खोटं बोललो. माझा विडा जाईल म्हून म्या मेलेल्या पोरावर खोटं बोललो!” त्यानं दोन्ही हात जमिनीवर आपटले. “वीरभद्र न्हाय कोपला. म्याच कोपलो माझ्या लेकरावर. सिद्धेश्वरा, नगं टोचू पोराला. माझ्यावानी नगं करू.”

कुणीतरी त्याच्या पाठीत लाथ घातली. “म्हातारं येडं झालंय.” तो तोंडावर पडला, उठला, परत तेच बोलायला लागला. दुसरी लाथ बरगडीत बसली. प्रेमाबाई बायकांतून धावत आली आणि त्याच्या अंगावर आडवी पडली. तिलाही बसल्या.

सिद्धेश्वरला आता थांबता येत नव्हतं. थांबला तर साऱ्या गावापुढं, व्याह्यांपुढं म्हातारा खरा ठरत होता. तो श्रीदेवीजवळ गेला, तिच्या पोटाशी दाबलेला हात त्यानं मुरगळून वर काढला, मनगटावर पाय दिला आणि चांदीची मूठ धरून सळई ओढली. ती तेव्हा पहिल्यांदा किंचाळली. रक्तानं माखलेली सळई त्यानं मातीत पडलेल्या भस्मात घोळली.

“कृष्णा. तोंड उघड.”

शस्त्र घालायचं तर आतून बोट लावून गाल ताणावा लागतो. तोंड उघडल्याशिवाय ते होत नाही.

कृष्णराज बापाच्या हातातल्या सळईकडं पाहत होता. मग त्यानं श्रीदेवीकडं पाहिलं. ती आडवी पडली होती, पण मान वर करून त्याच्याकडंच बघत होती. त्यानं ओठ मिटले. जबड्याचं हाड कानापाशी वर आलेलं दिसलं.

“तोंड उघड म्हनलं ना!”

थप्पड बसली. मुंडावळ्या तुटून खांद्यावर लोंबल्या. तो हलला नाही. दुसरी बसली, तिसरी बसली. दोन चुलत्यांनी मागून त्याचे हात धरले, एकानं नाक दाबलं, एकानं अंगठा दाढांच्या फटीत खुपसून जबडा उचकटायचा प्रयत्न केला. पोराचा श्वास कोंडला, चेहरा काळानिळा झाला, गळ्याच्या शिरा तटतटल्या. दातांच्या फटीतून त्यानं थोडी हवा ओढली आणि दात पुन्हा आवळले. सिद्धेश्वर मारत होता आणि मारता मारता रडत होता. “उघड रं, इज्जत घालवू नगंस, उघड माझ्या राजा,” असं म्हणत होता आणि परत मारत होता. ओठ फुटला. पांढऱ्या सदऱ्यावर रक्त उतरलं. ते फक्त त्याचं स्वतःचं होतं.

सवाष्णींनी एकेक करून डोक्यावरची मडकी खाली ठेवली. नवरीकडची माणसं उठून उभी राहिली. चुलत्यांनी आधी नाक सोडलं, मग हात सोडले. सिद्धेश्वर एकटाच मारत राहिला, आणि त्याचा हात दुखून खाली आला तेव्हाही कृष्णराजचं तोंड मिटलेलंच होतं.